मेलेले मासे मोजून धातूंचं प्रदूषण कळत नाही

मीनवेध

नदीत किंवा खाडीत मासे मरून वर आले की फोटो येतात, अधिकारी येऊन पाण्याच्या बाटल्या भरून नेतात आणि थोड्या दिवसांनी ‘पाण्यातला प्राणवायू कमी झाला होता’ असा अहवाल येतो. बरेचदा तो खराही असतो. मैला-सांडपाण्यानं प्राणवायू संपला तर मासे एका रात्रीत मरतात. तांबं, जस्त, कॅडमियम, शिसं, पारा, सेलेनियम यांचं काम मात्र वेगळ्या चालीनं चालतं. यांच्यामुळे मासे एकगठ्ठा मरण्याचे प्रसंग त्यामानानं थोडे. बहुतेक वेळा मासा जगतो, पोहतो, जाळ्यात येतो, बाजारात विकलाही जातो, आणि तरी तो आजारी असतो. मी मत्स्यविज्ञान शिकवते. या आजाराबद्दल मराठीत फार कमी बोललं जातं म्हणून हा धागा.

कल्ल्यापासून सुरुवात करते. कल्ला फक्त श्वासासाठी नसतो. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त क्षार असतात, ते सारखे बाहेर झिरपत असतात, आणि मासा कल्ल्यातल्या खास पेशींनी पाण्यातून सोडियम-कॅल्शियम ओढून ती तूट भरत असतो. तांबं नेमकं सोडियम ओढणाऱ्या यंत्रणेलाच धरतं. जस्त आणि कॅडमियम कॅल्शियमच्या वाटेनं आत शिरतात आणि ती वाट अडवतात. मात्रा मोठी असली तर कल्ल्यावर चिकट स्राव साचतो, पापुद्रे सुजून एकमेकांना चिकटतात आणि पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही मासा गुदमरतो. मात्रा कमी असली तर तो तगून राहतो, पण वाढीची आणि अंडी धरण्याची ताकद क्षार सांभाळण्यात आणि यकृतात धातूंना बांधून ठेवणारी प्रथिनं बनवण्यात खर्च होते.

दुसरं इंद्रिय नाक. माशाच्या गंधपेशी थेट पाण्याला लागून असतात. सिअ‍ॅटलच्या शास्त्रज्ञांनी कोहो सामन माशांच्या पिल्लांवर केलेले प्रयोग २००३ पासून प्रसिद्ध झाले आहेत. लिटरमागे २ ते २० मायक्रोग्रॅम तांब्यानं, तेही काही तासांत, पिल्लांची वास घेण्याची क्षमता घसरली. एरवी एखाद्या माशाची कातडी फाटली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात सुटतं आणि त्याचा वास येताच आजूबाजूची पिल्लं जागच्या जागी स्तब्ध होतात, म्हणजे शिकाऱ्याच्या नजरेला येत नाहीत. तांब्याच्या पाण्यातली पिल्लं पोहतच राहिली. नंतर त्यांना कटथ्रोट ट्राउट या शिकारी माशांबरोबर सोडलं, तेव्हा ती सहज खाल्ली गेली. अशा पिल्लांची नोंद प्रदूषणाचे बळी म्हणून कुठेच होत नाही.

कॅनडात क्यूबेक प्रांतातल्या रुईं-नोरांदा इथे तांबं गाळण्याचा जुना कारखाना आहे. जवळच्या तळ्यांतल्या यलो पर्च माशांना पकडून मुद्दाम ताण दिला, तर निरोगी माशाच्या रक्तात जे कॉर्टिसॉल (ताणाच्या वेळी स्रवणारं संप्रेरक) झपाट्यानं चढायला हवं ते या माशांत नीट चढत नव्हतं. म्हणजे संकट आलं की शरीर पेटून उठण्याची जी सोय निसर्गानं दिली आहे, तीच मंदावलेली.

आणि सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट बेल्यूज लेकची. नॉर्थ कॅरोलायनात कोळशावरच्या वीजकेंद्रासाठी बांधलेला हा जलाशय. १९७४ पासून राखेच्या तळ्यातलं पाणी त्यात यायला लागलं. राखेत सेलेनियम होतं. (सेलेनियम काटेकोरपणे धातू नव्हे, धातुसदृश मूलद्रव्य आहे, पण प्रदूषणाच्या चर्चेत ते धातूंबरोबरच धरतात.) पाण्यातलं प्रमाण लिटरमागे १० मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे नजरेत न भरणारं. मोठे मासे वरून धडधाकट दिसत. पण मादीच्या अंगातलं सेलेनियम अंड्याच्या बलकात उतरतं, आणि पिल्लू त्या बलकावर वाढताना त्याच्या प्रथिनांत गंधकाच्या जागी सेलेनियम जाऊन बसतं. पिल्लं वाकड्या कण्याची, फुगलेल्या पोटाची, डोळे बाहेर आलेली निघाली. काही वर्षांत जलाशयातल्या २० जातींपैकी १९ जाती नाहीशा झाल्या. पुढची पिढी येणंच थांबलं. १९८०च्या दशकाच्या मध्यात राखेचं पाणी सोडणं बंद झालं, तरी दहा वर्षांनी केलेल्या पाहणीतसुद्धा तळाच्या गाळातलं सेलेनियम अन्नसाखळीतून माशांत येतच होतं.

म्हणून माझं म्हणणं असं की ‘मासे मेले का?’ हा प्रश्न धातूंच्या बाबतीत फार उशिरा विचारलेला प्रश्न आहे. पिल्लं किती आली, त्यांचे कणे सरळ आहेत का, कल्ले आणि यकृत कसे आहेत, हे विचारायला हवं. आपल्या नद्या-खाड्यांवर राहणाऱ्यांनी आपले अनुभव जरूर लिहा.

खाजणकर

ताई, मी ठाणे खाडीकाठचा. आजोबा आणि वडील पाग टाकायचे, मी नोकरी करतो पण सुट्टीला खाडीत उतरतो. तुम्ही पिल्लांचं लिहिलंत ते वाचून काटा आला. आमच्याकडे म्हातारी माणसं ‘मासा गेला’ असं म्हणतात तेव्हा त्यांना हेच म्हणायचं असतं. जिताड्याची, बोईटांची पिल्लं पूर्वी कांदळवनाच्या मुळांत पावसानंतर दिसायची, ती आता दिसत नाहीत. अंगावर जखमा असलेले मासे येतात, ते आम्ही परत टाकतो. निवट्या अजून मिळतात, पण त्या चिखलातच राहतात आणि चिखलावरचंच खातात, त्यामुळे घरात मुलांना द्यायच्या का, यावरून दरवेळी बोलणं होतं.

आता प्रश्न. तक्रार केली की पाणी तपासतात आणि ‘सर्व घटक मर्यादेत’ असं उत्तर येतं. मर्यादेत असेल तर हे होतं कसं?

निवृत्त रसायनकर्मी

खाजणकर, याचं उत्तर मी देतो. माझी सगळी नोकरी सांडपाणी प्रक्रियेत गेली.

पर्यावरण (संरक्षण) नियम १९८६ मधली सर्वसाधारण मानकं बघा. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात लिटरमागे तांबं ३ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. जस्त ५, एकूण क्रोमियम २, कॅडमियम २, शिसं ०.१, पारा ०.०१. आता मीनवेध यांनी दिलेला सामनचा आकडा घ्या, २ ते २० मायक्रोग्रॅम. ३ मिलिग्रॅम म्हणजे ३००० मायक्रोग्रॅम. ‘मर्यादेत’ असलेलं पाणी माशाचं नाक बंद करणाऱ्या पाण्यापेक्षा शेकडो पटींनी जास्त तांबं वाहून आणू शकतं, आणि कागदावर सगळं ठीक असतं.

ही मर्यादा ठरवताना गृहीत असं धरलेलं असतं की बाहेर पडल्यावर नदीचं पाणी त्याला पातळ करेल. ऑगस्टमध्ये करतंही. पण एप्रिल-मेमध्ये आपल्या बहुतेक नद्यांत स्वतःचं पाणी असतं कुठे? तेव्हा सांडपाणी हीच नदी असते. मर्यादा मात्र बारा महिने तीच.

आणखी एक तांत्रिक गोष्ट, जी बाहेर फारशी माहीत नसते. मुलामा देणाऱ्या कारखान्यांचं पाणी एकत्र केलं की त्यात क्रोमियम, निकेल, जस्त, कॅडमियम सगळंच येतं. चुना टाकून धातू खाली बसवायचे, ही पद्धत. पण क्रोमियम ८ ते ८.५ पीएचला (पीएच म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे त्याचा आकडा) चांगलं बसतं, निकेल आणि कॅडमियमला १०च्या वर जावं लागतं, आणि तिथे जस्त परत विरघळायला लागतं. एका टाकीत, एका पीएचला सगळे धातू बसत नाहीत. वेगवेगळे प्रवाह वेगळे ठेवून प्रक्रिया केली तरच जमतं. ते खर्चिक आहे म्हणून टाळलं जातं. मला हे लिहिताना राग येतो, कारण पद्धत आम्हाला सगळ्यांना ठाऊक होती.

मीनवेध

काका, फार मोलाचा प्रतिसाद. त्यात गाळाची भर घालते, कारण खाजणकरांच्या निवट्यांचा प्रश्न गाळाचाच आहे.

धातू पाण्यात फार वेळ राहत नाहीत. मातीच्या बारीक कणांना चिकटून तळाशी बसतात. खाडीच्या काळ्या, वास येणाऱ्या चिखलात प्राणवायू नसतो, तिथे ते सल्फाइडशी बांधले जातात आणि बरेचसे निष्क्रिय होतात. पण गाळ उपसला, भराव टाकला, उधाणानं तळ ढवळला, की त्याला हवा लागते आणि बांधलेले धातू पुन्हा सुटतात. म्हणून पाण्याची बाटली स्वच्छ निघाली तरी खाडी स्वच्छ आहे असं म्हणता येत नाही. निवटी, कालवं, शिंपल्या, खेकडे यांचा संबंध पाण्यापेक्षा गाळाशी जास्त.

पाऱ्याची गोष्ट याहून वाईट. याच बिनप्राणवायूच्या चिखलातले जिवाणू साध्या पाऱ्याचा मिथाइल पारा करतात, आणि तो एका जिवातून दुसऱ्यात चढत जातो. उल्हास नदीच्या मुखाकडच्या गाळात पारा साचल्याचं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नोंदवलेलं आहे. कॉस्टिक सोडा बनवणारे कारखाने पूर्वी पाऱ्याचे विद्युतघट वापरत. आता ती पद्धत देशात जवळजवळ संपली आहे, पण गाळ जुनाच आहे.

जपानच्या मिनामाताबद्दल सगळ्यांनी वाचलं असेलच: तिथे एका रसायनांच्या कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांतून माणसांत गेला. १९५६ साली माणसांचा आजार अधिकृतपणे नोंदला गेला. त्याच्या आधीच तिथल्या कोळ्यांनी तरंगणारे मासे आणि झटके येऊन मरणारी मांजरं पाहिली होती. कारखान्याच्याच इस्पितळातले डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी १९५९ साली कारखान्याचं सांडपाणी मांजराला खाऊ घालून तोच आजार दाखवला. तो निष्कर्ष कंपनीनं बाहेर येऊ दिला नाही, आणि पारा सोडणं १९६८ पर्यंत चालू राहिलं. कोळ्यांना जे दिसत होतं ते कुणी पुरावा म्हणून धरलं नाही. म्हणून खाजणकर, तुमच्या घरातली म्हातारी माणसं जे सांगतात ते तारीख, जागा, जात यांसह लिहून ठेवा. पिल्लं कुठल्या महिन्यात, कुठल्या खाजणात दिसायची, हेही.

काचघर

मी पुण्यात हौसेनं मासे पाळतो. माशांना पांढरे ठिपके आले म्हणून दुकानदारानं तांब्याचं औषध दिलं, बाटलीवर लिहिलेल्या मात्रेनंच टाकलं. एका टाकीतले मासे बरे झाले. दुसऱ्या टाकीतले दोन दिवसांत संपले, झिंगे तर त्याच रात्री. दोन्ही टाक्यांत औषध सारखंच. फरक एवढाच की पहिलीत बोअरचं पाणी होतं, दुसरीत आरओचं. आधी मला वाटलं की आरओचं पाणी ‘शुद्ध’ असल्यामुळे बरंच असेल.

मीनवेध

तुम्ही अगदी नेमका फरक सांगितलात. बोअरचं पाणी जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमनं भरलेलं. कल्ल्यावरच्या ज्या जागा तांबं किंवा जस्त पकडतं, त्या जागांसाठी कॅल्शियम त्यांच्याशी स्पर्धा करतं. शिवाय जड पाण्यात सहसा कार्बोनेटही असतं, ते मोकळ्या तांब्याला बांधून ठेवतं. आरओच्या पाण्यात हे काहीच नाही, त्यामुळे तेवढंच तांबं कितीतरी जास्त विषारी ठरतं. झिंग्यांना आणि गोगलगायींना तांब्याची औषधं जवळजवळ कुठल्याच पाण्यात देऊ नयेत.

हेच नद्यांना लागू. म्हणून अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या धातूंच्या मर्यादा पाण्याच्या जडपणानुसार बदलतात, आणि तांब्यासाठी २००७ पासून पाण्यातले सेंद्रिय घटक, पीएच वगैरे धरून हिशोब करायची पद्धत आहे. आपल्याकडे एकच आकडा सगळीकडे. दख्खनच्या बेसाल्टवरची विहीर आणि सह्याद्रीच्या पावसाळी ओढ्याचं मऊ पाणी, दोन्हीला तोच नियम. ओढ्यातला मासा त्यात हकनाक मारला जातो.

सुपारीबाग

मीनवेधताई, मग आम्ही कोकणात काय करतो ते विचारात घ्या. कोळेरोगासाठी पावसाळ्यात सुपारीवर बोर्डो मिश्रण मारावंच लागतं. एक टक्क्याचं म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि १ किलो चुना. नाही मारलं तर सुपारी गळते. फवारणी झाल्यावर पंप आणि पिंप धुवायला माणसं सरळ पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर जातात. पऱ्यातले बारीक मासे त्या दिवशी वर येतात, हे मी लहानपणापासून पाहिलंय. कुणी त्याला प्रदूषण म्हणत नाही, कारण बाग आपली आणि पऱ्याही आपलाच.

मीनवेध

तुम्ही हे लिहिलंत म्हणून विशेष आभार. बोर्डो सोडा असं मी म्हणणार नाही, बागायतदाराचं वर्ष त्यावर उभं असतं. चुना बरोबर मिसळला असेल तर झाडावरचं तांबं बरंचसं पानाला धरून राहतं. ओढ्याला खरा धोका पिंप धुण्याचा आणि उरलेलं मिश्रण ओतण्याचा आहे, कारण तिथे पाणी मऊ आणि थोडं, आणि मात्रा एकदम. धुतलेलं पाणी बागेतल्याच एखाद्या आळ्यात, ओढ्यापासून दूर जिरवलं तर तांबं मातीला धरून राहतं. मोरचूद मोजून घ्यायचं आणि फवारणीपुरतंच मिश्रण करायचं, एवढ्यानंही फरक पडेल. तुमच्या भागात कृषी सहायकाच्या बैठकीत हा विषय काढता आला तर बघा.

पावसाळी सिअ‍ॅटल

वर सिअ‍ॅटलचा उल्लेख आला म्हणून लिहितो, मी इथेच राहतो. तांबं आणि सामनचं संशोधन पुढे कायद्यापर्यंत गेलं. वॉशिंग्टन राज्यानं २०१० साली गाड्यांच्या ब्रेक पॅडमधलं तांबं टप्प्याटप्प्यानं कमी करायचा कायदा केला. दर वेळी ब्रेक दाबला की त्याची भुकटी रस्त्यावर पडते आणि पावसाबरोबर ओढ्यात जाते.

पण एक सावधगिरीची गोष्टही सांगतो. इथल्या शहरी ओढ्यांत मोठे कोहो सामन अंडी घालण्याआधीच गरगरत मरायचे. बरीच वर्षं संशय धातूंवर होता. प्रयोगात धातू आणि तेलातली रसायनं मिसळून दिली, मासे मेले नाहीत. रस्त्यावरून वाहून आलेलं पाणी दिलं, मेले. शेवटी २०२० च्या अखेरीस उलगडा झाला: टायरमधल्या एका रसायनापासून तयार होणारं संयुग. तसंच २०२२ च्या ऑगस्टमध्ये पोलंड-जर्मनीच्या सीमेवरच्या ओडर नदीत प्रचंड मासे मेले तेव्हा सुरुवातीला पारा असल्याची आवई उठली. निघालं काय, तर खारट झालेल्या पाण्यात माजलेलं विषारी शेवाळ. म्हणून मेलेला मासा दिसला की लगेच धातूचं नाव घेऊ नये.

मीनवेध

शंभर टक्के सहमत. धाग्याच्या शीर्षकाची ही दुसरी बाजू आहे. मासे मेले म्हणून धातू असतील असं नाही, आणि मेले नाहीत म्हणून धातू नसतील असंही नाही.

कन्हानकाठी

बेल्यूज लेकचं वाचून झोप उडाली. नागपूरच्या उत्तरेला जुलै २०२२ मध्ये राखेच्या तळ्याचा बांध फुटून राख कोलार आणि कन्हान नद्यांकडे गेली होती. तेव्हा सगळी चर्चा शहराच्या पिण्याच्या पाण्याची. ते बरोबरच. पण त्यानंतरच्या वर्षी नदीत पिल्लं किती आली, याबद्दल एक ओळ वाचल्याचं आठवत नाही. ताई, राख प्रत्येक कोळशाची सारखीच असते का?

मीनवेध

नाही. सेलेनियम, आर्सेनिक, पारा यांचं प्रमाण कोळशाच्या खाणीनुसार बदलतं, त्यामुळे बेल्यूजचे आकडे कन्हानला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण तपासायचं काय ते बेल्यूजनं शिकवलं आहे: मादी माशांची अंडाशयं आणि पावसाळ्यानंतरची पिल्लं. नागपुरातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला हा उत्तम प्रकल्प होईल, आणि त्याला फार महागडी यंत्रंही लागत नाहीत. पिल्लांचे कणे भिंगाखाली मोजता येतात.

सरंगाप्रेमी

सगळं वाचलं, आता सरळ विचारतो. आम्ही काय खावं? घरात सून गरोदर आहे.

मीनवेध

पारा स्नायूतल्या प्रथिनांना धरून असतो, चरबीत नसतो. म्हणून कातडी काढून, तळून, उकळून तो जात नाही. तो जास्त असतो मोठ्या, दीर्घायुषी, दुसरे मासे खाणाऱ्या माशांत: मुशी, मोठे कुपे, तलवार मासा, खूप मोठी सुरमई. गरोदरपणात हे टाळावेत. तारली, बांगडे, मांदेली, बोंबील असे छोटे, लवकर वाढणारे समुद्री मासे पाऱ्याच्या दृष्टीनं चांगले. आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमांत मिथाइल पाऱ्याची मर्यादा किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम आहे.

कॅडमियमचं उलट. ते यकृत आणि मूत्रपिंडात साठतं, मांसात कमी. शिसं हाडांत, कल्ल्यांत जास्त. म्हणून कल्ले आणि आतडी-यकृत काढून टाकण्याची आपली पद्धत योग्यच आहे. कारखान्यांच्या पट्ट्यातल्या खाडीच्या शिंपल्या, कालवं आणि निवट्या गरोदर बाईला आणि लहान मुलांना देऊ नका. पण मासे खाणं सोडू नका. गर्भाच्या मेंदूला माशातली चरबी हवी असते. सुनबाईंच्या डॉक्टरांशीही बोलून घ्या.

खाजणकर

ताई, मग पुढच्या वेळी मासे वर आले तर आम्ही काय करायचं? अधिकारी येईपर्यंत भरती येऊन सगळं धुऊन जातं.

मीनवेध

पहिल्या तासातलं काम तुम्हीच करायचं. वेळ आणि भरती-ओहोटी लिहा. कुठल्या जाती, केवढे मासे, हे लिहा. मोठे मासे आधी, पहाटे, तोंड उघडं ठेवून मेले असतील तर प्राणवायूचा संशय जास्त. लहान-मोठे सगळे, दिवसाच्या कुठल्याही वेळी, झटके देत मरत असतील तर विषाचा. प्राणवायू जागेवरच मोजावा लागतो. त्याचं साधं किट शोभेच्या माशांच्या दुकानात मिळतं, तुमच्या मंडळात एक ठेवा.

मेलेला मासा तपासणीला जवळजवळ निरुपयोगी. तडफडणारा, अजून जिवंत असलेला हवा. काही मासे स्वच्छ प्लास्टिक पिशवीत घालून लगेच बर्फात ठेवा, धातू मोजायला. अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळू नका. काहींचे कल्ले आणि यकृताचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये (नमुने टिकवण्याच्या द्रावणात) ठेवा, ते गोठवायचे नाहीत, गोठवले की सूक्ष्मदर्शकाखाली काही कळत नाही. फॉर्मॅलिन हाताळताना हातमोजे घाला. आणि जिथे मासे मेले नाहीत अशा जागेचेही तेवढेच मासे घ्या, नाहीतर तुलना कशाशी करणार?

निवृत्त रसायनकर्मी

पाण्याबद्दल मी सांगतो. धातूंसाठी आम्लानं धुतलेली प्लास्टिकची बाटली, पाऱ्यासाठी काचेची वेगळी. थोडं नायट्रिक आम्ल टाकून ठेवावं लागतं, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीलाच चिकटतात आणि अहवालात आकडा कमी येतो. आम्ल घरी ठेवू नका, बाटल्या मी तयार करून देईन. आणि फक्त पाणी नको, ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाचा वरचा दोन बोटं थरही घ्या. खाजणकर, व्यक्तिगत निरोप केला आहे. मी डोंबिवलीत असतो, रविवारी बाटल्या घेऊन येऊ शकतो, ओहोटी किती वाजता आहे तेवढं कळवा.